अडीच गुंठ्यांसाठी रांग

संपादक महोदय,
इंग्लंडमध्ये भाजीपाला पिकवायला पालिकेकडून वार्षिक भाड्याने जमिनीचा तुकडा मिळतो. त्याला ‘अलॉटमेंट’ म्हणतात. पूर्ण तुकडा सुमारे 250 चौरस मीटरचा, म्हणजे आपले अडीच गुंठे. मागणी असेल तिथे अशी जमीन देणे 1908 च्या कायद्याने पालिकांवर बंधनकारक आहे. दुसऱ्या महायुद्धात ‘डिग फॉर व्हिक्टरी’ (विजयासाठी खणा) ही घरोघरी भाजी पिकवण्याची मोहीम निघाली आणि तुकड्यांची संख्या 14 लाखांच्या आसपास गेली. 1954 मध्ये रेशनिंग संपले, दुकाने भरली, तसे कितीतरी तुकडे ओस पडले. पुष्कळांवर घरे उठली. ती जमीन गेली ती गेलीच.

आता मागणी पुन्हा उसळली आहे. 2020 च्या टाळेबंदीपासून तर फारच. माझा नंबर लागायला सहा वर्षे गेली. आज तिथे मेथी-कोथिंबीर होते. शेजारचे आजोबा मेथीची जुडी नेतात आणि बटाटे देतात. रांग कमी करायला पालिका तुकडे अर्धे करून वाटतात, ते मला पटत नाही. अर्ध्या तुकड्यात बटाटे लावले की बाकी काय लावणार? त्यांनी नवी जमीनच द्यावी.

– एक वाचक, लेस्टर