अजब बंगल्याच्या नोंदवह्या आधी उघडा : सांस्कृतिक कार्य मंत्र्यांना खुले पत्र

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयाबद्दल आहे. आमच्या भागात हे नाव फक्त कागदावर चालतं. रिक्षात बसून 'अजब बंगला' म्हणा, रिक्षावाला पुढचा प्रश्न विचारत नाही. खेड्यापाड्यांतून कोर्टाच्या, दवाखान्याच्या कामासाठी नागपूरला आलेल्या माणसांनी हे नाव पिढ्यान्‌पिढ्या वापरलंय.

मीही पहिल्यांदा तशीच आले. आम्ही वर्धा जिल्ह्यातले. वडिलांची जमिनीच्या कज्ज्याची तारीख होती, ती पुढे गेली आणि परतीच्या एसटीला चार तास होते. पेंढा भरलेल्या वाघासमोर मी वडिलांचं बोट घट्ट धरून उभी होते. ते म्हणाले, "वाघ तर दिसूनच राहिला. तो कुठला आहे ते वाच." पाटीवर काय लिहिलं होतं ते आता आठवत नाही. पण वडिलांचं ते वाक्य पुढे तीस वर्षं विज्ञान शिकवताना माझ्यासोबत राहिलं, आणि त्याच वाक्यापोटी आज तुम्हाला लिहिते आहे.

माझी मागणी एक आहे. अजब बंगल्याच्या नूतनीकरणासाठी जेव्हा जेव्हा निधी मंजूर होईल, तेव्हा त्यातला पहिला खर्च रंगरंगोटी आणि रोषणाईवर न करता नोंदवह्यांवर करावा. प्रत्येक वस्तू कुठे सापडली, कोणी दिली, कधी आली, याच्या जुन्या नोंदी तपासून, पूर्ण करून, मराठीत आणून सगळ्यांना घरबसल्या वाचता येतील अशा ठेवाव्यात. जेवढं काम आधीच झालं असेल तेवढं आजच लोकांसमोर आणावं, उरलेलं मुदत ठरवून करावं.

एवढ्या कोरड्या कामाचा आग्रह का, ते सांगते.

हे संग्रहालय १८६३ सालचं. मध्य प्रांत स्थापन होऊन तेव्हा जेमतेम दोन वर्षं झाली होती आणि सर रिचर्ड टेम्पल चीफ कमिशनर होते. नागपूर ही त्या प्रांताची राजधानी, आणि तो प्रांत आजच्या विदर्भाएवढा नव्हता. जबलपूर, सागर, नर्मदेचं खोरं, छत्तीसगड हे सगळं त्यात होतं. त्या मुलखातून वस्तू नागपूरला येत राहिल्या. १९५६ साली राज्यांच्या सीमा बदलल्या आणि ती गावं दुसऱ्या राज्यात गेली, पण वस्तू इथेच राहिल्या. म्हणून अजब बंगल्याची यादी महाराष्ट्राची असली तरी तिच्यावर मध्य प्रदेशातल्या आणि छत्तीसगडमधल्या माणसांचाही हक्क आहे. माळव्याच्या परमार राजांची वंशावळ सांगणारा विक्रम संवत ११६१चा शिलालेख अभ्यासक 'नागपूर प्रशस्ती' म्हणून ओळखतात आणि तो याच संग्रहालयात आहे. परमारांची राजधानी असलेल्या धारचा एखादा शिक्षक आपल्या मुलांना तो दाखवू इच्छित असेल, तर त्यानं कुठे शोधावा?

१८६३ हे साल आमच्यासाठी आणखी एका कारणानं महत्त्वाचं आहे. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी त्याच वर्षी गेले. नागपुरात त्यांचं नाव कॉलेजमुळे घेतलं जातं. पण हा माणूस विदर्भाच्या मातीतले जीवाश्म पहिल्यांदा नीट गोळा करणाऱ्यांपैकी होता. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याला डायनोसॉरची हाडं आहेत हे त्यांनी नोंदवलं. गोंडांचं लिंगोचं गाणं त्यांनी परधान (गोंडांची गाणी गाणाऱ्या जमातीतल्या) गायकाकडून ऐकून उतरवून घेतलं. सप्टेंबर १८६३मध्ये नागपूरजवळच्या टाकळघाटची शिळावर्तुळं (प्राचीन दफनांभोवतीची दगडांची वर्तुळं) बघून घोड्यावरून परतताना पुराच्या नाल्यात ते बुडाले. त्यांची आदिवासींविषयीची टिपणं टेम्पलनी १८६६ साली छापून घेतली म्हणून ती उरली. लिहिलेलं होतं म्हणून उरलं, एवढंच मला इथे म्हणायचं आहे.

त्याच पिसदुऱ्याच्या डायनोसॉरांची वाळून दगड झालेली विष्ठा २००५ साली शास्त्रज्ञांनी तपासली, तेव्हा तिच्यात गवताचे सूक्ष्म अवशेष सापडले. डायनोसॉरांच्या काळात गवत नव्हतं, ही जगभरची समजूत वरोरा तालुक्यातल्या एका गावानं बदलली. तो दगड कुठल्या थरातून, कुठल्या शिवारातून उचलला हे ठाऊक नसतं, तर त्याचा काहीच अर्थ लागला नसता.

आता गुंगेरियाबद्दल थोडं सविस्तर, कारण अजब बंगल्यातली माझी सगळ्यात आवडती गोष्ट तीच आहे. १८७० साली बालाघाट जिल्ह्यातल्या या गावात गुरं राखणाऱ्या पोरांना जमिनीतून काहीतरी वर आलेलं दिसलं. खणल्यावर तांब्याची ४२४ हत्यारं निघाली आणि सोबत चांदीच्या पातळ पत्र्याचे १०२ तुकडे. एकट्या तांब्याचं वजन ८२९ पौंड, म्हणजे जवळजवळ पावणेचार क्विंटल. एका बैलगाडीचा भार! भारतात एका जागी सापडलेल्या ताम्रनिधींत एवढा मोठा दुसरा नाही. चांदीचे पत्रे बहुतेक गोल चकत्या आहेत, आणि काही बैलाच्या तोंडाच्या आकाराचे, शिंगं खाली वळलेली. पोळ्याला मातीचे बैल घडवणाऱ्या बाईच्या हातून सहज होईल तसा तो आकार आहे. हजारो वर्षांपूर्वी कोणीतरी पत्रा कापून बैल केला आणि पोळ्याचा मुलूख आजही तोच आहे, हे बघताना माझ्या अंगावर काटा येतो. या दोन गोष्टींचा धागा जोडण्याचा अधिकार माझ्याकडे नाही, पण मनात येतं ते खरं.

हा निधी एकत्र राहिला नाही. त्याच्या वाटण्या झाल्या. काही नागपूरला राहिला, काही लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये गेला, बाकीचा आणखी इकडेतिकडे. ब्रिटिश म्युझियमकडचे तुकडे त्यांच्या यादीत क्रमांकासह कोणालाही बघता येतात. वर्ध्यात बसून मी लंडनचा गुंगेरिया पाहू शकते. नागपूरचा गुंगेरियाही तसाच, मराठीत, फोटो आणि वजनमापासह पाहता यावा, ही मागणी फार मोठी नाही. कदाचित मग कुणी हुशार पोरगी बसून सगळ्या वाटण्यांची बेरीज करेल.

प्राणीविभागाची गोष्ट याहून नाजूक आहे. दगड आणि तांबं दम धरतात. कातडं, पिसं, बाटलीतला साप यांना नागपूरचा मे महिना आणि नंतरचा दमट ऑगस्ट दोन्ही झेपत नाहीत, त्यात कसर लागते ती वेगळीच. आणि यातली एक वस्तू गेली तर बदली मिळत नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर कोणी वाघ मारून संग्रहालयाला देणार नाही, आणि देऊही नये. शंभर वर्षांपूर्वीचा मध्य प्रांतातला प्राणी जेवढा काचेमागे आहे तेवढाच आपल्याकडे आहे. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात २००९पासून मृत वन्यप्राणी जतन करण्याचं केंद्र चालतं, म्हणजे ही कला सरकारच्याच हाताशी आहे. वन खात्याशी बोलून ती माणसं नागपूरला आणता येतील.

पण तिथेही मी पाटीवरच येते, आणि त्यासाठी रानपिंगळ्याची हकीकत सांगावीच लागेल.

रानपिंगळा हा छोटा, दिवसा उडणारा घुबडाच्या जातीचा पक्षी. त्याचा पहिला नमुना १८७२ साली मध्य प्रांतातल्या फुलझरच्या बाजूला, म्हणजे आजच्या छत्तीसगडात, ब्लेविट नावाच्या माणसाला मिळाला, आणि पुढल्या वर्षी पक्षी-अभ्यासक ह्यूमनं त्या ब्लेविटचं नाव पक्ष्याला दिलं. १८८०च्या दशकात डेव्हिडसन या अधिकाऱ्यानं खानदेशात शहादा-तळोद्याकडे काही नमुने मिळवले. १८८४नंतर पक्षी दिसेनासाच झाला. जगभरच्या संग्रहालयांत त्याची मोजून सात कातडी. त्यातलं एक कर्नल माइनर्ट्‌झहागन या इंग्रज पक्षीसंग्राहकाच्या नावावर, पाटीवर लिहिलेलं : मांडवी, गुजरात, १९१४. शोधणारे त्या पाटीवर विश्वास ठेवून चुकीच्या मुलखात शोधत राहिले. पुढे पामेला रासमुसेन या पक्षिशास्त्रज्ञ बाईंनी ते कातडं बारकाईनं तपासलं, तेव्हा उघड झालं की तो डेव्हिडसनचाच पक्षी. लंडनच्या संग्रहालयातून चोरलेला, उसवून पुन्हा शिवलेला, खोटी पाटी लावलेला. ती पाटी बाजूला ठेवून, खऱ्या जुन्या पाट्यांवरची गावं धरून त्या आणि त्यांचे सोबती शोधत निघाले, आणि नोव्हेंबर १९९७मध्ये शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी रानपिंगळा जिवंत दिसला. तब्बल ११३ वर्षांनी. पुढे आमच्या मेळघाटातही तो सापडला.

एका खोट्या पाटीनं पक्षी हरवला आणि खऱ्या पाट्यांनी तो परत दिला. ही गोष्ट मी वर्गात दरवर्षी सांगत असे, आणि दरवर्षी शेवटच्या बाकावरची पोरंसुद्धा मान वर करून ऐकत.

उलट अनुभवही आहे. मी ज्या एका शाळेत होते, तिथे प्रयोगशाळेच्या कपाटात बरणीत एक साप होता. चिठ्ठी कधीतरी ओलीनं सुटून पडली होती, काचेवर गोंदाचा पिवळा चौकोन तेवढा राहिला होता. मुलांनी विचारलं, "बाई, हा कुठला? विषारी आहे का?" रंग उडून पांढरा पडलेला तो साप मला ओळखता आला नाही, आणि तो बरणीत घालणारे सर केव्हाच वारले होते. मी त्या गोंदाच्या चौकोनाकडे बघत राहिले. एवढ्याशा कागदासाठी एक जीव वाया गेला असं तेव्हा वाटलं, आणि आजही वाटतं.

काही व्यवहाराच्या गोष्टी. पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेनं संग्रहालयांसाठी 'जतन' नावाची संगणक प्रणाली तयार केली आहे आणि केंद्राच्या संग्रहालयांनी ती वापरलीही आहे. नव्यानं काही घडवायची गरज नाही. मराठी विश्वकोश राज्य सरकारनंच सगळ्यांसाठी फुकट खुला केला, तसंच हे करता येईल. माणसं लागतील. जुनी इंग्रजी हस्ताक्षरं वाचणारी, मोडी वाचणारी, प्राणिशास्त्राची आणि पुरातत्त्वाची जाण असणारी. नागपूर विद्यापीठात या दोन्ही विषयांचे विभाग आहेत. पुरातत्त्वज्ञ शां. भा. देवांनी टाकळघाट आणि खापा इथं पुन्हा उत्खनन केलं ते याच विद्यापीठातून, आणि कोरीव लेखांचं वाचन म्हटलं की महामहोपाध्याय मिराशींचं नाव साऱ्या देशात घेतलं जातं, तेही नागपूरचेच. पोरं आहेत, परंपरा आहे. त्यांना दोन-तीन वर्षांची मानधनाची कामं द्या, वेळेवर पैसे द्या.

मराठी नावांबद्दलही एक विनंती. यादीत पक्ष्याचं लॅटिन नाव असेलच, पण त्याच्याखाली इथल्या माणसांनी ठेवलेलं नाव असावं, गोंडी, कोरकूसुद्धा. मारुती चितमपल्लींनी आयुष्यभर जंगलात हिंडून अशी नावं गोळा केली. ती काचेमागच्या पक्ष्यांपर्यंत पोहोचली तर मेळघाटातून आलेल्या मुलाला आपला पक्षी आपल्या नावानं भेटेल.

आणि आगीचं. २६ एप्रिल २०१६ला दिल्लीचं राष्ट्रीय नैसर्गिक इतिहास संग्रहालय एका रात्रीत जळालं. पेंढा भरलेल्या प्राण्यांचं कातडं, लाकडी कपाटं, बाटल्यांतलं स्पिरिट, असं जिथे एकत्र असतं तिथे ठिणगी पुरते. नोंदवह्यांची प्रत दुसऱ्या शहरात असणं हे त्यासाठीही हवं. अग्निसुरक्षेची तपासणी नियमानं होत असेलच. तिचा अहवालही लोकांना वाचता यावा.

डिसेंबरात हिवाळी अधिवेशनाला तुम्ही नागपूरला असाल. विधानभवन आणि अजब बंगला दोन्ही सिव्हिल लाइन्समध्येच. एखाद्या सकाळी सभागृह सुरू होण्याआधी अर्धा तास काढा, हारतुऱ्यांशिवाय या. क्युरेटरसाहेबांना सांगून १८७०च्या सुमाराची नोंदवही काढायला लावा आणि गुंगेरियाची नोंद स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. मग त्याच नोंदीतला तांब्याचा एक तुकडा हातमोजे घालून तळहातावर घ्या. नोंदीतला क्रमांक आणि तुकड्यावरचा क्रमांक जुळतो का ते बघा, आणि जुळत असेल तर पुढच्या वस्तूकडे वळा.

आपली विश्वासू,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका
वर्धा जिल्हा