हायडेलबर्गच्या काकांना जाहीर पत्र

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही लगेच पुण्यातल्या पावसाचं विचारता. म्हणून हे जाहीर पत्र. इथे तुम्हाला मध्येच तोडता येणार नाही.

खोली मिळवून दिलीत, पत्त्याच्या नोंदणीसाठी कचेरीत सोबत आलात, काकूंनी थालीपीठाची भाजणी बांधून दिली, त्या सगळ्याचे आभार आहेतच. पण मनात जास्त आहे ते रविवारच्या फेऱ्यांबद्दल. हायडेलबर्गला येणाऱ्याला जर्मनीतलं सर्वांत जुनं विद्यापीठ (स्थापना १३८६), किल्ला, नेकर नदीवरचा जुना पूल आणि पुलाजवळचं ब्राँझचं माकड दाखवतात आणि दुपारच्या आत बसमध्ये बसवतात. तुम्ही मात्र मला ते गाव मोडतोडीच्या बाजूने दाखवलंत. काय पाडलं, कुणी पाडलं आणि नंतर त्याचं काय केलं.

किल्ल्यावर तुम्ही आधी महालांकडे नेलंच नाहीत. सरळ खंदकाकडे नेऊन त्या फुटलेल्या बुरुजासमोर उभं केलंत. फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्या फौजांनी १६८९ मध्ये आणि पुन्हा १६९३ मध्ये किल्ला उद्ध्वस्त केला. सुरुंगाने तडकलेली बुरुजाची सहा मीटरांहून जाड भिंत एकसंध खाली घसरली ती आजही तशीच टेकून आहे. सह्याद्रीतल्या गडांवर संवर्धनाच्या मोहिमांना जाणारा मी माणूस, माझ्या डोक्यात लगेच आकडेमोड सुरू झाली: हे उचलून परत बसवायला काय लागेल? तुम्ही हसलात आणि म्हणालात, ‘हाच प्रश्न इथे शंभर वर्षं भांडून झालाय.’

मग बाकावर बसून ती सगळी हकिकत. पुढे दुरुस्तीचं काम निघालं, तर १७६४ मध्ये वीज पडून किल्ला पुन्हा जळला. राज्यकर्त्यांनी नाद सोडला आणि गावकऱ्यांनी किल्ल्याची खाण केली. घर बांधायचंय? जा, दगड घेऊन ये. (इथे मला आपल्याकडची कितीतरी गावं आठवली, नावं घेत नाही.) ही लूट अंगावर घेऊन थांबवली ती शार्ल द ग्रेंबेर या माणसाने. १८१० मध्ये चित्रं काढायला म्हणून आला आणि मरेपर्यंत इथेच राहिला. आणि हा गडी फ्रेंच! पाडणारे फ्रेंच, राखणाराही फ्रेंच, हे सांगताना तुमचा चेहरा खुलला होता.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस किल्ला पुन्हा उभारायची टूम निघाली. फ्रीडरिश महाल नव्यासारखा करूनही झाला. तेव्हा १९०१ मध्ये गेओर्ग डेहिओ या कला-इतिहासकाराने ठणकावून लिहिलं की जे उरलंय ते जपा, नव्याने रचू नका. म्हणून बाकीचे काही महाल आज बिनछपराचे, खिडक्यांतून आभाळ दिसणारे आहेत. खरं सांगू का, मला तो दुरुस्त महालच सगळ्यांत कमी आवडला. फार नीटनेटका. तळघरातलं १७५१ चं सव्वादोन लाख लिटरच्या आसपासचं लाकडी पिंपही तुम्ही जाता जाता दाखवलंत. शेतसारा म्हणून आलेली वाइन त्यात ओतायचे, चांगली-वाईट सगळी एकत्र. त्यावर तुम्ही मारलेला शेरा इथे लिहिण्याजोगा नाही.

खाली गावातही तेच. पवित्र आत्म्याच्या चर्चच्या सज्जांमध्ये ठेवलेला ग्रंथसंग्रह युरोपातल्या ‘तीस वर्षांच्या युद्धात’ १६२२ मध्ये लुटीत गेला आणि खेचरांवर लादून रोमला पोपकडे पोचला. १८१६ मध्ये परत आली ती फक्त ८४७ जर्मन हस्तलिखितं. त्याच चर्चमध्ये १७०६ पासून कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्यामध्ये भिंत होती, ती थेट १९३६ मध्ये निघाली. विद्यापीठाच्या नव्या इमारतीच्या दारावर लिहिलं होतं ‘जिवंत चैतन्याला’. नाझींनी त्याचं ‘जर्मन चैतन्याला’ केलं. युद्धानंतर मूळ अक्षरं परत लागली. त्या दारासमोरच १९३३ मध्ये पुस्तकांची होळी झाली होती, आणि तुम्ही त्या जागेवर मला फार वेळ थांबवलंत. जुना पूल तर १९४५ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्यानेच उडवला, आणि लोकांनी वर्गणी काढून दोन वर्षांत बांधला.

विद्यार्थ्यांचा तुरुंग पाहून मात्र हसू आवरलं नाही. रात्री आरडाओरडा केला, दारू पिऊन धिंगाणा घातला की कोठडी. पण तासाला जायची मुभा! काजळीने रंगवलेल्या त्या भिंती कुणी पुसल्या नाहीत हे बरं झालं.

आणि गुंथर सोंथायमर. याच विद्यापीठाच्या दक्षिण आशिया संस्थेत शिकवणारा, आपल्या धनगरांबरोबर हिंडून बिरोबाच्या ओव्या ध्वनिमुद्रित करणारा, खंडोबासाठी जेजुरीच्या वाऱ्या करणारा माणूस. १९९२ मध्ये ते गेले. त्यांचं नाव मला पुण्यात नव्हे, नेकरच्या काठी तुमच्याकडून कळावं, याची थोडी लाजच वाटली.

तुमच्यामुळे काय बदललं, तेही सांगतो. आमच्या गटाने एका गडावर ढासळलेल्या तटाचं काम हाती घेतलंय. सिमेंट लावून झटपट उभा करू, असं म्हणणारे आहेतच, आणि पूर्वी त्यांच्यात मीही होतो. आता पडलेल्या प्रत्येक दगडाला क्रमांक देतोय, जागेवर छायाचित्र काढतोय, आणि जिथे मूळ रचनेचा पुरावा नाही तिथे हात लावायचा नाही असं ठरवलंय. भांडणं होतात. मी डेहिओचं नाव पुढे करतो. कुणाला माहीत नसतं, त्यामुळे थोडा वेळ गप्प बसतात.

डिसेंबरात पुण्याला येणार आहात ना? एक दिवस आमच्यासाठी ठेवा. गुडघ्याची सबब चालणार नाही, माचीपर्यंत गाडी जाते. काकूंना सांगा, भाजणी संपली.

तुमचा,
रविवारचा सोबती