चराईबंदीच्या ठरावाविषयी श्रीधरला पत्र

सोलापूर,
२० मे

प्रिय श्रीधर,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. गावच्या गायरानावर पाच वर्षे संपूर्ण चराईबंदी करावी, भोवती चर खोदावा आणि आत खड्डे घेऊन गिरिपुष्प व सुबाभूळ लावावी, असा ठराव पावसाआधीच्या ग्रामसभेत येणार आहे आणि त्यावर तुला माझे मत हवे आहे. ठरावाचा पहिला भाग मला अर्धा पटतो, दुसरा मुळीच पटत नाही. तुला मात्र सभेत उभे राहून बोलायचे असल्याने नुसत्या मताने भागणार नाही, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

सुरुवात गवतापासूनच करू. पवन्या किंवा मारवेल गवताचा एखादा ठोंब हाताने बाजूला करून पाहिलास तर त्याचे वाढीचे कोंब अगदी जमिनीलगत, जुन्या सुकलेल्या पात्यांच्या बेचक्यात दडलेले दिसतील. झाडाचा शेंडा खुडला की त्या फांदीची वाढ थांबते. गवताचे पाते वरून खाल्ले तरी खालचा कोंब शाबूत राहतो आणि बाजूने नवे फुटवे येतात. म्हणजे चरणाऱ्या जनावराला तोंड देण्याची तयारी गवताच्या घडणीतच आहे. परंतु नवे पाते फुटायला लागणारे अन्न मुळांशी साठवलेल्या साठ्यातून येते आणि तो साठा भरून निघण्याआधीच तेच पाते पुन्हा खाल्ले गेले, तर मुळे आखडत जातात. आपल्याकडे पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर पाऊस, त्यातही जुलै-ऑगस्टमध्ये मोठी उघडीप. अशा वेळी आखूड मुळांचा ठोंब तग धरत नाही. गाय जिभेने गवत वेढून ओढते, त्यामुळे बोटभर तरी बुडखा मागे राहतो. मेंढी पुढच्या दातांनी जमिनीलगत कुरतडते, तर शेळीचे लक्ष झुडपांकडे अधिक असते. तेव्हा ‘चराई’ असा एकच शब्द ठरावात लिहून तिन्ही जनावरांना एका मापाने मोजणे मला योग्य वाटत नाही.

माळ बिघडत जातो तेव्हा तो एका ठरावीक क्रमाने बिघडतो आणि तो क्रम तुला गायरानावर फिरताना वाचता येईल. जनावरांना आवडणारी पवन्या, मारवेल, डोंगरी ही बहुवर्षायू गवते आधी विरळ होतात आणि त्यांच्या जागी कुसळी पसरते. ती कोवळी असताना गुरे खातात, पण एकदा कुसळे धरली की ती मेंढ्यांच्या लोकरीत आणि तोंडात रुततात, म्हणून तिला कोणी शिवत नाही. त्यानंतरही चराईचा भार उतरला नाही तर पावसापुरती उगवून दिवाळीपर्यंत वाळून जाणारी वीतभर उंचीची गवते उरतात आणि मधूनमधून तरवडाचे झुडूप उभे राहते, कारण त्याला जनावर तोंड लावत नाही. खुरांनी घट्ट झालेल्या उघड्या जमिनीत पाणी मुरेनासे होते आणि पहिल्याच वळवाला माती ओढ्यात जाते. तुमच्या गायरानाच्या देवळाकडच्या बाजूला तरवड माजला आहे, असे तू लिहिले आहेस. त्यावरून तो भाग या घसरणीच्या शेवटच्या पायरीवर आहे, असे मी धरून चालतो. तिथे बंदी हवीच, याविषयी माझे दुमत नाही.

बंदीने काय साधते हे पाहायला फार लांब जावे लागत नाही. इथून जवळ नान्नजला १९७० च्या दशकात अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमाखाली माळाचे काही तुकडे चराईपासून राखले गेले आणि माळढोक पक्षी विणीसाठी त्या तुकड्यांकडे वळले. माळढोकाची मादी बहुधा एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर आणि नेमके पावसाळ्यात, त्यामुळे त्या काळात गुरांच्या पायाखाली किंवा कळपाबरोबरच्या कुत्र्यांच्या तोंडी ते सापडले तर त्या वर्षाची वीण बहुधा तिथेच संपते. १९७९ साली तिथे अभयारण्य जाहीर झाले ते मात्र सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटरचे, ज्यात गावेच्या गावे आणि लोकांच्या शेतजमिनी आल्या. पुढे ते सुमारे बाराशे चौरस किलोमीटरवर आणावे लागले. दरम्यान माळ नांगरला गेला, कॅनॉल आले, ऊस आला, विजेच्या तारा आल्या आणि आज माळढोक आपल्याकडे जवळजवळ दिसेनासा झाला आहे. त्याचा सगळा दोष चरणाऱ्या मेंढ्यांवर टाकणारे लोक मला भेटतात, तेव्हा त्यांना शेजारचा ऊस दिसत नाही का, असा प्रश्न माझ्या मनात येतो.

याची दुसरी बाजूही सभेपुढे मांड. राजस्थानात भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात १९८२ साली म्हशी आणि गुरे चारण्यावर बंदी आली. त्या वेळच्या संघर्षात माणसांचे जीवही गेले. पुढच्या वर्षांत मात्र म्हशींनी आटोक्यात ठेवलेले पाणगवत माजून उथळ पाणी भरून टाकू लागले आणि ज्या पक्ष्यांसाठी बंदी केली त्यांचीच जागा कमी झाली, हे बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या दीर्घ अभ्यासातून पुढे आले. भरतपूर पाणथळ आहे, आपला माळ कोरडा. तरीही गवत वर्षानुवर्षे कोणी खाल्लेच नाही तर जुन्या वाळक्या पात्यांचा थर साचून नव्या फुटव्यांना ऊन मिळत नाही, ठोंब मधून मरू लागतात आणि उन्हाळ्यात एका ठिणगीने सगळे पेटण्याची भीती राहते, हे इथेही खरेच आहे.

शिवाय माळावरच्या साऱ्या जिवांना एकसारखे गवत चालत नाही. तणमोर या पक्ष्याला दाट, उंच गवत लागते. धाविक पक्षी मात्र चरून उघड्या झालेल्या जमिनीवर अंडी घालतो आणि काळवीट नराला आपली जागा मिरवायला आखूड गवताचे मोकळे मैदान लागते. लांडग्याची गोष्ट तर आणखी निराळी. दख्खनच्या माळावर रानातले भक्ष्य इतके घटले आहे की तो बराचसा शेळ्यामेंढ्यांवरच जगतो, म्हणजे मेंढरे हलली की लांडगाही हलणार. म्हणून गवत कुठे गुडघाभर, कुठे वीतभर, कुठे नुसते खुरटलेले असा चट्ट्यापट्ट्यांचा माळ मला निरोगी वाटतो. फिरता कळप तो आपोआप घडवत असे.

इथे धनगरांविषयी लिहिणे भाग आहे, कारण तुझ्या पत्रात ‘बाहेरून येणारी मेंढरे’ हा शब्द तीन ठिकाणी आला आहे. फलटण-बारामतीकडचे वाडे, म्हणजे मेंढरे घेऊन एकत्र फिरणारे धनगरांचे तांडे, दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात जातात आणि कोकणातला पाऊस मेंढरांना सोसत नाही म्हणून पावसाआधी वर येतात. म्हणजे आपल्या गवताच्या ऐन वाढीच्या दिवसांत मेंढरे माळावर असतात, ही वस्तुस्थिती आहे आणि ती झाकण्यात अर्थ नाही. पूर्वी हे निभावत असे, कारण माळ अफाट होता आणि वाडा एका जागी मुक्काम करून राहत नसे. आज चराऊ जमिनीचे तुकडे झाल्याने तेच कळप तेवढ्याच जागेत पुन्हा पुन्हा फिरतात. त्यात भर म्हणजे दिवसा माळावर चरलेली मेंढरे रात्री वाघर, म्हणजे जाळीचे कुंपण, लावून कोणाच्या तरी शेतात बसवली जातात. शेतकरी त्याचे धान्य किंवा पैसे देतो आणि लेंडीखत त्याच्या ज्वारीला मिळते. दोघांच्याही दृष्टीने हा व्यवहार चोख आहे, परंतु हिशेब मांडला तर माळाचा कस रोज थोडा थोडा शेतात चालला आहे आणि माळाला परत काहीच मिळत नाही. गायरानावर महिन्यातून काही रात्री मेंढरे बसवायला सांगता आली तर पाहा. त्या रात्रींचा मोबदला ग्रामपंचायतीने द्यावा.

झाडांविषयी थोडक्यात लिहितो. ही गवते भरपूर उन्हात वाढणारी आहेत, सावलीत ती हटतात. मुरमाड माळ खणून खड्डे घेतले की ठोंबांची जुनी पकड सुटते, आणि एवढे करून गिरिपुष्पाची पाने गुरे फारशी आवडीने खात नाहीत. सरकारी कागदावर हा माळ ‘पडीक’ म्हणून लागला आहे, एवढ्याच कारणाने तो झाडांनी भरायला निघणे मला हास्यास्पद वाटते. ठरावातला हा भाग तू सरळ वगळायला लाव.

बंदीचे मात्र असे करता येईल. हिवरे बाजारने चराईबंदी पाळली, पण गवत कापून नेण्याची वाट मोकळी ठेवली, म्हणूनच ती लोकांनी स्वीकारली. तुमच्या ठरावात गुरे खाणार काय याचे उत्तरच नाही. देवळाकडचा तरवडाचा भाग पूर्ण बंद ठेवा, तरवड मुळासकट काढा आणि तिथे मारवेलचे ठोंब लावा. उरलेल्या गायरानाचे तीन भाग पाडून, पहिला पाऊस झाल्यापासून गवत फुलोऱ्यावर येऊन बी झडेपर्यंत एक भाग आळीपाळीने राखा. बी झडल्यावर त्या भागातले गवत कापू द्या आणि मग तिथे गुरे सोडा. शेळ्यांना झुडपांच्या ओढ्याकाठी वेगळी मुभा द्या. आणि कोणता भाग केव्हा राखायचा हे ठरवताना, दरवर्षी तुमच्या शिवारात उतरणाऱ्या वाड्यांच्या कारभाऱ्यांना सभेत बोलावून घ्या. त्यांना वगळून घातलेली बंदी रात्री मोडली जाईल आणि राखण करायला तुमच्याकडे माणूस नाही, हे तूच लिहिले आहेस.

सभेची तारीख पक्की झाली की कळव. गायरानाचा गट नकाशा आणि गेल्या पशुगणनेतले गावचे आकडे मिळाले तर आधी पाठव, म्हणजे प्रत्येक भागाला किती जनावरांचा भार सोसेल याचा अंदाज मी काढून देईन. जमल्यास आदल्या दिवशी येतो आणि आपण दोघे मिळून तिन्ही भागांच्या हद्दी पाहून घेऊ. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अविनाश