काकू, खराटा आणा

धरमपेठ, नागपूर

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तुझा आवाज भरून आला होता आणि मला धड काही बोलता आलं नाही, म्हणून लिहायला बसले. बाकीची मुलं ट्रकबरोबर पूर आलेल्या गावांत गेली आणि तुला हॉस्टेलच्या व्हरांड्यात रजिस्टर देऊन बसवलं. ‘आई, मी नुसती खोकी मोजून राहिली,’ म्हणालीस. ते रात्रभर कानात होतं.

मी वीस वर्षं इतिहास शिकवला, पण एका मुलीची गोष्ट वर्गात सांगायची राहूनच गेली. १८६१ साली अमेरिकेत यादवी पेटली. आपल्या वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, तो याच लढाईमुळे. लढाई सुरू होऊन महिनाही झाला नसेल, तोच न्यूयॉर्कच्या कूपर युनियन सभागृहात बायकांची मोठी सभा भरली. तिच्यामागे होत्या एलिझाबेथ ब्लॅकवेल, अमेरिकेत डॉक्टरीची पदवी मिळवणाऱ्या पहिल्या बाई. त्यातून सैनिकांसाठी मदत गोळा करणारी मध्यवर्ती संघटना उभी राहिली. तिचा पत्रव्यवहार लुइसा ली स्कायलर नावाच्या तेवीस वर्षांच्या मुलीकडे आला. गावोगावच्या मंडळांना ती लिहायची, काय पाठवा, कसं बांधा, काय आता पुरे झालं.

हे लिहावं लागत होतं, कारण सुरुवातीला बायकांनी मायेपोटी काय काय पाठवलं! उन्हापासून मान झाकायला टोपीवर घालायचे पांढरे कपडे त्यांनी हजारोंनी शिवले. त्याला ‘हॅवलॉक’ म्हणत, सत्तावनच्या उठावात कानपूर-लखनौकडे लढलेल्या इंग्रज सेनापतीच्या नावावरून. मे महिन्यात दुपट्टा बांधल्याशिवाय घराबाहेर न पडणाऱ्या आपल्याला ते पटेल. पण त्या सैनिकांना तो नकोसा झाला. त्यांनी त्यातून कॉफी गाळली, त्यानं भांडी पुसली. गावातून आलेल्या खोक्यांत मुरंब्याच्या बरण्या फुटायच्या आणि खालचे नवे सदरे चिकट होऊन वाया जायचे.

हे वाचलं तेव्हा मला २०२३ चा सप्टेंबर आठवला. तू बारावीत होतीस. एका रात्रीच्या पावसात अंबाझरी तलाव भरून वाहिला, नाग नदीचं पाणी घराघरांत शिरलं. दुसऱ्या दिवशी मी कपाटातल्या अकरा जुन्या साड्या धुऊन, इस्त्री करून, गाठोडं बांधून अंबाझरी लेआउटला नेल्या. एका घराच्या दारात माझ्याच वयाची बाई गुडघाभर गाळात उभी होती. ओला सोफा बाहेर काढून ठेवलेला, भिंतीवर कमरेएवढी पाण्याची रेघ. तिनं गाठोड्याकडे पाहिलं आणि अगदी शांतपणे म्हणाली, ‘काकू, खराटा आणा. आणि प्यायचं पाणी.’ त्या साड्या ठेवायला तिच्याकडे कोरडी जागाच नव्हती. मी घरी आले, खराटे, फिनाईल, पाण्याचे कॅन घेऊन परत गेले. आधी एका फोनवर विचारलं असतं तर तिचे तीन तास वाचले असते. ते तीन तास मला अजून बोचतात.

तिकडे जून १८६१ मध्ये सैनिकांची स्वच्छता आणि आरोग्य बघणारं सॅनिटरी कमिशन स्थापन झालं आणि बायकांची ती संघटना त्याची शाखा झाली. आलेलं प्रत्येक खोकं उघडायचं, कपड्यावर कमिशनचा शिक्का मारायचा, एका खोक्यात एकाच जातीचं सामान भरायचं, वर आकडा लिहायचा. त्या लढाईत सुमारे ६,२०,००० सैनिक मेले असं धरतात, आणि त्यांतले तिघांपैकी जवळजवळ दोघे गोळीनं नाही, हगवण, विषमज्वर अशा आजारांनी गेले. ताज्या भाज्या-फळं मिळाली नाहीत की स्कर्व्ही नावाचा आजार होतो, हिरड्यांतून रक्त येतं, जुनी जखमसुद्धा पुन्हा उघडते. त्यावर लागत होते कांदे आणि बटाटे. कुठल्या छावणीला किती पोती हवीत हे कुणीतरी वहीत लिहिलं, म्हणून ती तिथे पोचली.

शिकागोच्या मेरी लिव्हरमोर आणि जेन होग यांनी १८६३ साली या कामाला पैसे उभे करायला मोठी जत्राच भरवली. लिंकननी गुलाममुक्तीच्या जाहीरनाम्याचा स्वतःच्या हातचा मसुदा दिला, तो ३,००० डॉलरला गेला. आणि याच दोघी मंडप उभारायचा करार करायला गेल्या, तर तो बांधणारा म्हणाला, तुमच्या सह्या चालत नाहीत, नवऱ्याच्या आणा. पैसे यांनीच जमवलेले! हे वाचताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आजही येतं.

काळ्या बायकांचं तर नावही मागे पडलं. सूझी किंग टेलर या गुलामीतून सुटून आलेल्या मुलीनं काळ्या सैनिकांच्या पलटणीत शुश्रूषा केली, कपडे धुतले, त्यांना लिहायला-वाचायला शिकवलं. त्याचा पगार तिला मिळाला नाही.

आता कामाचं. तुझ्या रजिस्टरमध्ये ‘काय नको’ असा एक रकाना आखून घे आणि रोज संध्याकाळी गावातल्या मुलांना फोन करून तो भर. पॅड किती हवेत, लहान मुलांच्या चड्ड्या-बनियन कुठल्या मापाच्या, खराटे किती, मला कळव. गुरुवारी बर्डीच्या बाजारात जाते आहे. रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं पार्सल टाकलं की सकाळी तुझ्या हातात येईल. बुधवारपर्यंत यादी पाठव.

तुझी,
आई