कागलच्या शेडातलं इंजिन

शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर

प्रिय संजा,

तुझ्या अँबेसिडर मार्क टूसाठी कागलला जे जुनं इंजिन बघितलंस, त्याचं पत्र आणि फोटो मिळाले. विकणारा म्हणतोय "अँबेसिडरचंच आहे, ओरिजिनल" आणि पुरावा म्हणून ब्लॉकवरचे, म्हणजे इंजिनच्या मुख्य ओतीव धडावरचे आकडे दाखवतोय. लेका, तो इंजिन नंबर नव्हे. फोटो मोठा करून बघ, आकडे उठावाचे आहेत. म्हणजे ते ओतकामातच, पॅटर्नवरून (साचा ज्यावरून पाडतात त्या नमुन्यावरून) आलेत. त्या पॅटर्नवर जेवढे ब्लॉक ओतले, तेवढ्यांवर तेच आकडे. त्यावरून घराणं कळतं, माणूस नाही. फौंड्र्यांच्या गावात राहून यात फसू नकोस. इंजिन नंबर ठोकलेला असतो, आत गेलेला. तुझ्या मार्क टूला लागतं ते 1489 सीसीचं बी-सिरीज इंजिन. त्यात हा नंबर ब्लॉकच्या उजव्या अंगाला शोधायचा. उजवं-डावं म्हणजे ड्रायव्हरच्या सीटवर बसून समोर बघताना.

शनिवारी जाशील तेव्हा खिशात चुंबक टाक. हेडला, म्हणजे ब्लॉकवरच्या झाकणाला, चिकटला तर हेड बिडाचं, बी-सिरीजचं असू शकतं. नाही चिकटला तर हेड अॅल्युमिनियमचं. मग ते प्रीमियर पद्मिनी गाडीचं 1089 सीसी असेल किंवा पुढच्या काळातल्या अँबेसिडरचं इसुझू 1817 सीसी. इसुझूचा कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) हेडमध्येच असतो, त्यामुळं खालून व्हॉल्व्ह ढकलणारे पुशरॉड नसतात. इंजिन चांगलं आहे, पण ते मार्क टूत बसवायचं म्हणजे माउंटिंग आणि गिअरबॉक्सपासून सगळं बदला. आणि वर रॉकर कव्हरच (हेडवरचं व्हॉल्व्ह झाकणारं पत्र्याचं झाकण) नसेल, सपाट हेडवर प्लग उभे असतील, तर ते लँडमास्टरच्या काळातलं 1476 सीसी साइड व्हॉल्व्ह. संग्रहाला ठेवायला छान, तुझ्या कामाचं नाही.

चुंबक चिकटला की अंगं तपास. बी-सिरीजमध्ये मॅनिफोल्ड (हवा-धूर नेणाऱ्या नळ्या) आणि कार्बोरेटर डाव्या अंगाला, प्लग आणि डिस्ट्रिब्युटर उजव्या. मॅनिफोल्ड काढलेला असेल तर हेडला पाच तोंडं दिसतील, दोन इनलेटची आणि तीन एक्झॉस्टची. मधलं एक्झॉस्ट दोन आणि तीन नंबरच्या सिलिंडरला सामाईक. त्याच अंगाला खाली ब्लॉकवर टॅपेटची दोन पत्र्याची झाकणं असतात.

आता खरा घोळ. अँबेसिडरचं जुनं डिझेल इंजिनही 1489 सीसीच, बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि स्ट्रोकही (पिस्टनची वर-खाली चाल) तेच. इथं व्हर्नियर (बारीक मापाचं कॅलिपर) काही सांगणार नाही. स्पार्क प्लगच्या जागी इंजेक्टर आणि ग्लो प्लगची भोकं आहेत का, डिस्ट्रिब्युटर आहे की इंजेक्शन पंप, हे बघ. नुसता ब्लॉक दाखवून "हेड नंतर देतो" म्हणाला तर पैसे देऊ नको. डिझेलच्या बुडावर पेट्रोलचं हेड चढवून खपवलं तर बाहेरून पटकन कळत नाही. पिस्टन बघितल्याशिवाय तिथं निकाल लागत नाही.

म्हणून हेड उतरवायची अट घाल, गॅस्केटचा खर्च तू दे. प्लगच्या भोकातून सळई घालून स्ट्रोक मोजायचा शॉर्टकट इथं चालत नाही, भोक तिरपं असल्यानं आकडा जास्त येतो आणि सळई अडकायचीही भीती. इंजिन जाम असेल तर हातोडा लावू देऊ नको. चारी भोकांत डिझेल आणि इंजिन ऑइल निम्मं-निम्मं ओतून दोन दिवस ठेव, मग हँडलनं मागं-पुढं हलव.

हेड उघडण्याआधी ब्लॉकमधलं पाणी काढ. रॉकरचे काही नट हेडही धरून ठेवतात. ते एकदम सोडले तर हेड एका बाजूनं उचलतं, वाकतं, आणि पाणी सम्पमध्ये, म्हणजे खालच्या ऑइलच्या टाकीत जातं. अकरा नट आहेत, प्रत्येक अर्धा-अर्धा फेरा सोडत सगळे सैल कर.

आता मोज. स्ट्रोक 88.9 मिमी, पिस्टन अगदी वर आणि अगदी खाली असताना व्हर्नियरच्या मागच्या पट्टीनं. बोअर 73.025. वरच्या काठाशी, जिथं रिंग पोचत नाही, तिथं बोट फिरवलं की एक कंगोरा लागतो. त्याच्या वर मूळ माप, खाली झीज. वर 74.04 च्या आसपास आलं तर ते चाळीस थाऊ (इंचाचे हजारावे भाग) वाढवून बोअर केलेलं 1489 च आहे, घाबरू नको. पण आणखी बोअर करायला जागा नाही, उद्यमनगरात आणून लायनरच (सिलिंडरच्या आत बसवायच्या नव्या नळ्या) घालावे लागतील. त्या खर्चाएवढा भाव पाड. 76.2 आलं तर ते 1622 सीसीचं भावंड. पिस्टनच्या डोक्यावरचा कार्बन रॉकेलनं पूस, 020, 030 असा थाऊचा शिक्का असेल तर आधी किती बोअर वाढवलंय ते कळतं. वर-खाली 0.15 मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर बोअरिंग धरूनच चाल.

नंबरच्या जागेवर ग्राइंडर तर नाहीच, पॉलिश पेपरही लावू देऊ नको. रॉकेल, मऊ ब्रश, मग खडू घासून वरचा पूस, आकडे पांढरे उठतील. टॉर्च आडवी धरून फोटो काढ. पाटी असेल तर रिव्हेट बघ. आजूबाजूला पन्नास वर्षांचा गंज आणि रिव्हेट चकचकीत असेल तर पाटी दुसऱ्या ब्लॉकवरून आलीय. नंबर थेट ब्लॉकवर ठोकलेला असेल तर त्या सपाट जागेवर कटरच्या समांतर रेघा पाहिजेत. तिथं गोल-गोल ओरखडे आणि आकडे वर-खाली दिसले तर नंबर घासून पुन्हा ठोकलेला असणार, चहा पिऊन परत ये, भाव कितीही पडू दे.

इंजिन बदलणं म्हणजे मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 खाली येतं, आरसी बुकावर नोंद लागते. विकणाऱ्याकडून नंबर घातलेलं बिल आणि ते इंजिन ज्या गाडीचं होतं तिच्या आरसीची झेरॉक्स घे. बसवायच्या आधी आरटीओत विचार. पुढं तिथं पेन्सिल प्रिंट (नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासून काढलेला ठसा) मागितला तर तोच नंबर निघायला हवा.

बोअरचे आकडे घेताना प्रत्येक सिलिंडर वर आणि खाली, क्रँकच्या रेषेत आणि तिला काटकोनात, असे चार. एकूण सोळा आकडे कागदावर लिहून फोटो पाठव, मग भावाचं बघू.

तुझा,
बाळू