यंदा खर्च किती दाखवलास?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आयकराचे रिटर्न भरायचे दिवस आले की आमच्या धंद्यातली माणसे एकमेकांना एकच प्रश्न विचारतात, ‘यंदा खर्च किती दाखवलास?’ झाला किती, हे कोणी विचारत नाही. मी फोंडा तालुक्यात जत्रांना आणि नाटकांना साऊंड-लाइट पुरवतो. या बाबतीत मी दोन्ही बाजूंनी आपटलो आहे, म्हणून हे पत्र.

एका जत्रेत जनरेटरवाल्याला १८ हजार रुपये रोख दिले. सहीची पावती घेतली होती, तरी सीएने तो खर्च बाजूला काढला. एका माणसाला एका दिवसात १० हजारांच्या वर रोख दिले की तो खर्च धरत नाहीत. नऊ-नऊ हजारांच्या दोन पावत्या फाडल्या तरी दिवस तोच, माणूस तोच, बेरीज होतेच. (टेम्पोवाल्याच्या भाड्याला ही मर्यादा ३५ हजार आहे.) फोनवरून पैसे पाठवता आले असते, पण रेंज नव्हती आणि नाटकाची नांदी सुरू व्हायची होती.

उलट जे हक्काचे, ते मी वर्षानुवर्षे सोडत आलो. केबल ओढणाऱ्या पोरांची मजुरी, त्यांचे जेवण, जळलेले फ्यूज, फाटलेला कोन बदलून घेतलेला स्पीकर. दुकानाचे बिल नाही म्हणजे खर्च नाही, असा माझा समज. तारीख, नाव, काम, रक्कम आणि घेणाऱ्याची सही एवढे असलेले साधे व्हाउचरही कामाला येते. फक्त ते त्याच दिवशी लिहिलेले हवे. मार्चअखेर एकाच पेनाने एका बैठकीत लिहिलेली पन्नास व्हाउचरे कोणालाही ओळखू येतात.

नवे स्पीकर मात्र एका वर्षात खर्ची पडत नाहीत, त्यांचा घसारा (दरवर्षी किमतीचा ठरावीक भागच खर्चात) धरायचा, १५ टक्के. त्यातही त्या आर्थिक वर्षात वापर १८० दिवसांपेक्षा कमी झाला तर पहिल्या वर्षी निम्माच. जत्रांचा हंगाम तोंडावर आला म्हणून मी ते दिवाळीत घेतले. गणेश चवथीला घेतले असते तर घसारा पूर्ण मिळाला असता, आणि चवथीलाही काम होतेच की! रात्री दहानंतर भोंगे चालू ठेवल्याचा दंड खर्चात घालता येतो का, असे एका व्यवसायबंधूने विचारले होते. कायदा मोडल्याचा दंड हा धंद्याचा खर्च नव्हे. घरची स्कूटर आणि फोन यांचाही धंद्यापुरताच वाटा.

हिशेबाची कटकट नको असेल तर छोट्या धंद्याला उलाढालीवर ठरावीक नफा धरायची सोय आहे, बँकेतून आलेल्या रकमेवर किमान ६ टक्के, रोखीवर ८. पण ती वाट धरली की सगळा खर्च त्यातच आला. वर डिझेलची बिले घेऊन सीएकडे जाण्यात अर्थ नाही.

आता आमच्या गोव्याची गोष्ट. इथल्या पोर्तुगीज नागरी कायद्यामुळे, लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर, पगार सोडून बाकीचे उत्पन्न नवरा-बायकोत निम्मे-निम्मे धरले जाते. माझ्या धंद्याचा निम्मा नफा पत्नीच्या रिटर्नमध्ये जातो. म्हणजे मी घरचा फ्रिज धंद्यात घुसडला तर खोटे दोन रिटर्नमध्ये शिरते, आणि दुसऱ्यावर सही तिची असते. हे मला लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी कळले. तिला तर मी सांगितल्यावर!

आयकर खात्याने आणि व्यापारी संघटनांनी जत्रांचा हंगाम सुरू होण्याआधी तालुक्या-तालुक्यात एखादी सकाळ यासाठी द्यावी आणि हे मराठी-कोकणीतून समजावावे. आमच्यासारख्यांना फॉर्म वाचता येतो, उमगत नाही.

यंदापासून आमची वही पत्नीकडे आहे. सही केलेले व्हाउचर हातात पडल्याशिवाय ती पोरांच्या चहाचेही पैसे सोडत नाही.

आपला,
एक साऊंडवाला, फोंडा