फडाची चोपडी

वालेन्सिया, स्पेन
एप्रिल अखेर

ती. नाना आणि आई यांस सा. न.

आखाजी तोंडावर आली आणि मी इथं. वहिनीने पाठवलेला झोक्याचा फोटो पाहिला. लिंबाच्या त्याच फांदीला दोर बांधलाय. आई, तुझ्या सांजोऱ्यांची आठवण आली आणि मग काही सुचेना, म्हणून पत्र लिहायला बसले. फोनवर नाना "बरं, तब्येतीला जप" म्हणून ठेवून देतात, आणि मला जे सांगायचंय ते दोन मिनिटांत मावणारं नाही.

दादा म्हणाला, विहीर यंदा मार्चमध्येच तळाला गेली. शेजारच्या बांधावर बोअर झाला, तर आपणही सहाशे फूट घेऊ असं त्याच्या मनात आहे. तुम्ही अजून हो म्हटलेलं नाही, असंही तो बोलला. नाना, घाईने हो म्हणू नका. का, ते सांगते.

गेल्या गुरुवारी सुट्टी काढून मी इथल्या मोठ्या चर्चपाशी गेले होते. त्या चर्चच्या दारात दर गुरुवारी दुपारी बाराला पाण्याचा न्याय बसतो. बाराचे टोले पडले की काळे सैल डगले घातलेले आठ जण येऊन गोल मांडलेल्या खुर्च्यांवर बसतात. तुरिया नदीवरच्या पाटांचे हे पंच. पाटावरच्या शेतकऱ्यांनीच त्यांना निवडलेलं असतं, आणि ते स्वतःही शेतकरीच असतात. चोपदार एकेका पाटाचं नाव पुकारतो, कुणाचं गाऱ्हाणं असेल तर पुढे या म्हणतो. त्या दिवशी कुणीच आलं नाही. पाच मिनिटांत सगळे उठले.

बघायला आलेले पर्यटक पांगले. मी मात्र थांबले. एका पंचाने डगला काढून हातावर घेतला, तर आत साधा चौकडीचा शर्ट, नखांत माती, बुटाच्या कडेला वाळलेला गाळ. सकाळी पाणी भरून आला असणार. मला आबाच दिसले हो. पंचात बसायला निघताना आबा पाय धुवायचे, टोपी झटकायचे, पण धोतराच्या काठाला पाटाचा चिखल राहायचाच.

गाऱ्हाणं असलं तर इथं वकील लागत नाही, अर्ज लागत नाही. दोघांनी तोंडी सांगायचं, पंचांनी तिथल्या तिथे निकाल द्यायचा, त्यावर अपील नाही. ज्याच्यावर आरोप त्याच्या पाटाचा पंच निकालाच्या वेळी बाजूला राहतो. ही रीत मुसलमानी अमलापासूनची, दहाव्या शतकातली मानतात. 1238 साली जाउमे राजाने हे शहर जिंकलं. मशिदीच्या जागी चर्च आलं, राज्याची भाषा बदलली, पण पाण्याचे रिवाज त्याने होते तसे चालू दिले. पाटाला इथं आजही 'असेकिया' म्हणतात, तो अरबी शब्द आहे. 2009 मध्ये युनेस्कोने या न्यायाला मानवजातीचा वारसा म्हणून मान दिला.

आता आपलं बघा. खान्देशात फारुकी सुलतान आले. 1601 साली अकबराने असीरगड घेतला. मग मराठे, मग 1818 ला इंग्रज. एवढ्या उलथापालथीत पांझरा नदीवर बंधारे होते आणि त्यांच्याखाली फड, म्हणजे एका पाटावर मिळून भिजणारे जमिनीचे भाग, चालत होते, तीन-चारशे वर्षं तरी. शाळेत आम्हाला असीरगडाची सनावळी पाठ करायला लावली, फडाबद्दल एक ओळ नव्हती. तो इतिहास मला आबांनी बांधावर बसून शिकवला. गावाच्या भिजणाऱ्या जमिनीचे फड पाडलेले. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. जवळजवळ प्रत्येकाचा तुकडा प्रत्येक फडात, म्हणजे एखाद्या साली पाणी कमी पडलं आणि एक फड कोरडा ठेवायची वेळ आली, तर झळ सगळ्यांना सारखी. एकट्याचंच नशीब फुटलं असं व्हायचं नाही. पाणी द्यायला पाटकरी, राखणीला जागल्या, वर हवालदार. गाळ काढायला घरटी एक माणूस. पाटकऱ्याने धरलेलं बारं, म्हणजे पाण्याची पाळी, कुणी मोडलं तर पंच बसायचे. आबा म्हणायचे, "पानी कोन्हा बापनं नई शे." तेव्हा मला ते रागाचं बोलणं वाटायचं. आता कळतं, तो कायदा होता.

नाना, अमळनेरला शिकत असताना मी तत्त्वज्ञान मंदिराच्या वाचनालयात जाऊन बसायचे, तेव्हा तुम्ही विचारलं होतं, याने पोट भरणार आहे का? प्रतापशेठ स्वतः गिरणीमालक. त्यांनी 1916 मध्ये त्या गावात तत्त्वज्ञानासाठी संस्था काढली, ती का, याचं उत्तर तेव्हा माझ्याकडे नव्हतं. आता थोडं आहे. सहाशे फूट खोल जायचं की नाही, हा प्रश्न मशीनवाल्याचा नाहीच. माझं कुठं संपतं आणि शेजाऱ्याचं कुठं सुरू होतं, हा तो प्रश्न आहे. आपल्याकडे खाली काळा कातळ. पाणी त्याच्या भेगांत असतं, आणि भेगांना सातबारा ठाऊक नसतो. आपला बोअर चालला म्हणजे बऱ्याचदा खालच्या वाडीची विहीर आटली.

1968 साली गॅरेट हार्डिन नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाने लिहिलं की सामाईक कुरणाचा शेवटी नाशच होतो, कारण प्रत्येक गुराखी आपलं एक जनावर वाढवत जातो. हे इतकं गाजलं की जगभर सरकारंही तसाच विचार करू लागली: एकतर खाजगी करा, नाहीतर सरकारजमा करा. एलिनॉर ऑस्ट्रॉम या बाईंनी मात्र गावोगावचे जुने दाखले गोळा केले, त्यात या वालेन्सियाचे पाटही होते. हार्डिनच्या गोष्टीतले गुराखी एकमेकांशी बोलतच नाहीत. खरी माणसं बोलतात, नियम करतात, राखण ठेवतात, दंड लावतात. 2009 चं अर्थशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. मी ते वाचलं तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. आबांनी आयुष्यभर जे केलं त्याला जगात नाव आहे, हे त्यांना सांगायला हवं होतं.

आणि हे काही परक्यांकडूनच शिकायचं आहे असं नाही. 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेचा एक अध्याय सांगायचे, अठरा रविवार. साने गुरुजी ते लिहून घ्यायचे. त्यातल्या तिसऱ्या अध्यायात पावसापासून अन्न होतं असं म्हटलंय, आणि जे मिळालं त्यातलं परत न देता एकटाच भोगतो त्याला सरळ चोर म्हटलंय. नाना, तुम्ही गीता रोज वाचता. तो अध्याय एकदा विहिरीच्या काठावर बसून वाचा.

पण सगळंच जुनं चांगलं होतं असं मी म्हणणार नाही, ते खोटं होईल. फडात ज्याला जमीन त्यालाच पाणी. जागल्या रात्रभर पीक राखायचा, पण पंचात तो बोललेला मी कधी ऐकला नाही. आजी बारं धरायची, गाळ उपसायची, आणि पंच बसले की चहा घेऊन दारापर्यंतच जायची. आता पुन्हा पंच बसले तर वहिनी आत बसली पाहिजे, आणि भूमिहीन घरातलंही कुणी हवं. पिण्याचं पाणी तर त्यांनाही लागतं.

फड जसाच्या तसा आता उभा राहणार नाही, हे मलाही कळतं. वर धरण झालं, घरोघर मोटारी आल्या, एकाला कांदा लावायचाय, एकाला कपाशी. मी एवढंच मागते: बोअरचे पैसे देण्याआधी एकदा आपल्या नाल्यावरच्या दहा-बारा घरांना ओट्यावर बोलवा. कुणाच्या विहिरीला किती पाणी, ते सगळ्यांसमोर दोर सोडून मोजा. नाल्यातला गाळ पावसाआधी काढायचा ठरला तर माझ्या वाटचे पैसे मी पाठवते. एवढं करूनही बोअर घ्यावाच लागला, तर दोन बांधांत मिळून एक घ्या. पाळी आधी लिहून काढा, सह्या करा.

दादासाठी एक काम आहे. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत आबांची लाल कापडी पुठ्ठ्याची चोपडी असेल, फडाच्या पाळ्यांची. कुणाला किती पाणी, कुणाचा माणूस गाळ काढायला आला नाही, सगळं त्यांच्या तिरक्या अक्षरात आहे. इतिहासकार राजवाडे असल्याच कागदांसाठी गावोगाव वणवण फिरले. त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ धुळ्यात आहे, तासाभराच्या वाटेवर, आणि आपली चोपडी उंदरांच्या तोंडी आहे. आधी सावलीत उघडून ठेव, उन्हात नको, शाई उडेल. मग एकेका पानाचा फोटो पाठव. मधली काही पानं चिकटलेली आहेत, ती ओढून सोडवू नकोस. दिवाळीला येईन तेव्हा मी बघते.

आई, सांजोऱ्या वहिनीच्या हातून शेजारीही पाठव, बोअर झाला त्या घरी पण.

तुमची,
ताई